उमेदवारीचा सोमवार

आमच्या ठाण्याच्या घरात सकाळी सगळ्यात आधी ऐकू यायचा तो बोरू तासण्याचा आवाज. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओटीवर मांडी घालून बसत आणि चाकूनं बोरूला टोक काढत. कर्र कर्र. मग टोक नखावर दाबून बघायचं, मनासारखं नसलं की पुन्हा कर्र कर्र. त्या आवाजानं माझे दात आंबायचे. अण्णा कलेक्टर कचेरीत बारनिशी कारकून होते. जिल्ह्यातून आलेलं आणि जिल्ह्यात जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या वहीत चढल्याशिवाय जागचं हलत नसे. त्यांच्या आधी माझे आजोबा तिथंच, खिडकीजवळच्या त्याच बैठकीवर. त्यामुळे माझ्या जन्माच्या वेळी सटवाईला कपाळावर लिहायला काही शिल्लकच नव्हतं, ते कचेरीतून लिहूनच आलं होतं, असं आत्या सांगायची. आणि हे ती कौतुकानं सांगायची, बरं का. आत्या अण्णांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण आम्हा मुलांवर जीव होता, आणि घरातले निम्मे निकाल तीच देत असे.

अण्णांची मोडी लिहायची रीत मला पाचव्या वर्षापासून लावली गेली. कोरा कागद पुढे आला की आधी डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायचं. मोडी लिहिणारे सगळेच असं करतात, पण आमच्या घरात तो कुळाचारच होता. "आधी रेघ, मग अक्कल," अण्णा म्हणत. संध्याकाळी परवचा म्हणून झाली की शंभर रेघा, पट्टी न लावता. एखादी वाकली की पुन्हा पहिलीपासून. मी रडायचो, चडफडायचो, एकदा तर दौत लाथाडून सगळी ओटी काळी केली. अण्णांनी मारलं नाही. ते मारत नसत, ओरडतही नसत. ओटी पुसून झाल्यावर त्यांनी नवा कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, "हं, पहिली."

मी मुळातच एका जागी बसणारा मुलगा नव्हतो. "याच्या पायाला भिंगरी आणि बुडाखाली निखारा," हे आत्याचं माझ्याबद्दलचं प्रमाणपत्र. शाळा सुटली की मी तलावाला एक फेरी मारायचो, मग चेंदणीच्या बाजूनं खाडीवर, तिथून बांधाबांधानं जितकं जाता येईल तितकं. पलीकडे कळव्याकडची मिठागरं पांढरी दिसायची. आज लोक नौपाडा नौपाडा म्हणून मिरवतात, तिथं तेव्हा भाताची खाचरं होती आणि संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. हे सांगितलं की माझी नातवंडं एकमेकांना डोळे घालतात. घालोत. तर खिशात कोळसा घेऊन मी हिंडायचो, आणि जिथं सपाट जागा दिसेल तिथं चित्र काढायचो. बांधावरच्या दगडावर, पडवीच्या भिंतीवर, गोठ्याच्या दारावर. आमच्याकडे मासळी घेऊन राधी कोळीण यायची. पाटी उतरवून ती आईशी घासाघीस करी, तेवढ्यात मी तिला भिंतीवर काढून मोकळा व्हायचो. एकदा तिनं मान वळवून पाहिलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आगो बाय! या पोराला येर लागलाय का? माजा थोबार रोज रोज कारतंय!"

आई हसली. मग राधी जवळ आली, भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "नथ राह्यली रं." मी नथ काढून दिली. त्या दिवशी तिनं दोन बोंबील जास्त टाकले. चित्रकलेवर झालेली माझी ती पहिली कमाई, आणि खरं सांगू, त्यापुढच्या सगळ्या कमायांपेक्षा चवदार.

मॅट्रिकला गणितानं मला पाडलं. पाडलं म्हणजे असं पाडलं की पुन्हा बसावं असं कोणी सुचवलंही नाही. अण्णा निकाल ऐकून नुसतं "बरं" म्हणाले, अंगरखा चढवला, पागोटं घातलं आणि कचेरीत गेले. संध्याकाळी परत आले ते ठरवूनच. शिरस्तेदार रावसाहेबांशी बोलणं झालं होतं. मी कचेरीत उमेदवार म्हणून बसायचं. आजच्या मुलांना हा शब्द निवडणुकीतला वाटतो. आमच्या वेळी उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. दोन वर्षं, तीन वर्षं, कोणाकोणाची पाच वर्षं, नुसत्या नकला करायच्या, वडीलधाऱ्यांचे बोरू तासायचे, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट बघायची. जागा रिकामी व्हायची म्हणजे बहुधा कोणीतरी मरायचं. पुढच्या महिन्यातला एक सोमवार अण्णांनी पंचांगात पाहून ठरवला. त्या दिवशी मुलानं नवं पागोटं घालून वडिलांबरोबर जायचं, शिरस्तेदारांपुढे नारळ ठेवायचा, आणि कचेरीच्या बोरूनं कचेरीच्या कागदावर पहिली ओळ लिहायची, अशी आमच्या कचेरीची पद्धत होती. एकदा ती ओळ लिहिली की मनुष्य कचेरीचा झाला. मला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं घरात कोणाला वाटलंही नाही.

माझी मात्र झोप उडाली. कारण त्याच वर्षी आमच्या हायस्कुलात मुंबईच्या कलाशाळेतून शिकून आलेले सावंत म्हणून ड्रॉइंग मास्तर लागले होते. सडसडीत, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, बोटांना कायम खडूचा रंग. त्यांनी माझे कोळशाचे प्रताप पाहिले होते. नापास झाल्यावर मी त्यांच्या बिऱ्हाडी गेलो, तर त्यांनी माझं सांत्वन वगैरे काही केलं नाही. म्हणाले, "सुटलास. आता मुंबईला जा."

"पण मास्तर, चित्रं काढून पुढे काय करायचं?" हा प्रश्न माझा नव्हता, आमच्या सगळ्या घराण्याचा होता; मी फक्त तोंड हलवलं.

"भिंतीवर टांगायची चित्रं काढायला कोण सांगतंय तुला? तिथं लाकडावर खोदकाम शिकवतात, ते छापखान्यांना लागतं. नक्षीकाम आहे, मातीच्या नि प्लास्टरच्या मूर्ती आहेत, इमारतींचे नकाशे आहेत. काहीच नाही जमलं तर माझ्यासारखा ड्रॉइंग मास्तर हो, सरकारला प्रत्येक जिल्ह्यात हवे आहेत. जो तो काहीतरी हातचं घेऊन बाहेर पडतो तिथून. कळलं?"

कळलं होतं, म्हणूनच तर पंचाईत झाली. घरी येताना मी मूर्तिकार होतो, जेवायला बसेपर्यंत खोदकाम करू लागलो होतो, आणि पाटावरून उठताना मला वाटू लागलं की अण्णांचं तोंड बघता यातलं काहीच होणार नाही. पुढचे तीन आठवडे मी असाच. एक घास तोंडात, एक पाय बाहेर. तलावाला एकाच संध्याकाळी चार चार फेऱ्या. एका फेरीत जायचं ठरायचं, दुसरीत राहायचं. जायचं म्हणजे अण्णांनी रावसाहेबांना दिलेला शब्द मोडायचा. आणि अण्णांपाशी शब्दाखेरीज दुसरं काय होतं? राहायचं म्हणजे खिडकीजवळची ती बैठक, आजोबांच्या आणि अण्णांच्या वजनानं मधे खोल गेलेली. ती मी लहानपणी पाहिली होती. तिच्यावर बसल्यावर मला आपोआप त्यांच्यासारखा पोक आला होता आणि सगळे कारकून कौतुकानं हसले होते.

शेवटी मी भित्र्या माणसाचा तोडगा काढला. प्रवेशाची परीक्षा उमेदवारीच्या सोमवाराआधीच्या बुधवारी होती. ठरवलं, परीक्षा द्यायची. नापास झालो तर निमूट कचेरीत बसायचं, आणि नापास तर मी होणारच, मला सवयच होती. मग घरी बोलायला नको, की शब्द मोडायला नको. कल्याणला मामाकडे जाऊन येतो असं अण्णांना सांगितलं आणि स्टेशनावर जाऊन उलट्या बाजूच्या गाडीत बसलो. आईनं फडक्यात दशम्या बांधून दिल्या होत्या. मामाकडे जाणाऱ्या मुलाला कोणी दशम्या बांधून देत नाही, हे गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं.

कलाशाळेच्या त्या मोठ्या दालनात आम्ही वीस-पंचवीस जण होतो. समोर चौरंगावर प्लास्टरचं एक मोठं पान ठेवलेलं, कडा वळलेल्या, शिरा उठलेल्या. ते पाहून काढायचं, एवढीच परीक्षा. एक गोरे साहेब पाठीमागे हात बांधून फिरत होते आणि त्यांच्याबरोबर एक मराठी सहायक मास्तर. मला कागद मिळाला. इतका जाड, इतका पांढरा कागद मी आयुष्यात हातात धरला नव्हता. मी पानाकडे पाहिलं. कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होतो, अगदी मन लावून करत होतो, आणि खाली पाहतो तो काय, कागदाच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ! सरळसोट, काळीभोर, एका दमात ओढलेली.

मी ओढली होती. पण मी ठरवून नव्हती ओढली. माझा हात मला न विचारता तिथं जाऊन आला होता.

सहायक मास्तर तेवढ्यात मागे येऊन उभे राहिले. वाकून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "काय हो, अर्ज लिहायला बसलात? विनंती विशेष ऐसीजे?" आजूबाजूची मुलं फिसकन हसली. साहेबांनी विचारलं काय झालं, तर मास्तरांनी त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं, तेही हसले. माझे कान तापले. खोडायला रबर मागितलं तर रेघ इतकी दाबून ओढलेली की कागद सोलवटला, रेघ तशीच. दुसरा कागद मिळणार नाही म्हणाले. हसल्याचं मला काही वाटलं नाही असं मी पुढे अनेकांना सांगत आलो, ते खोटं आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या लाजेखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते भयंकर होतं. मला भीती वाटली. बारा वर्षं मी त्या रेघेशी भांडत आलो होतो, दौती लाथाडल्या होत्या, आणि हिनं तर केव्हाच हात ताब्यात घेतला होता. अजून कचेरीची पायरी चढलो नव्हतो, तर ही तऱ्हा! दोन वर्षं तिथं काढली तर डोळ्यांना दिसेल ते काढणारा हात माझ्यापाशी उरणारच नाही. नापास होऊन सुटायचा माझा बेत होता ना? त्या घटकेला तो बेत मेला.

मी कागद उलटा केला. मागच्या बाजूला पान काढलं. अर्धा वेळ निघून गेलेला. पान बरं आलं नाही. उजवी कड चुकली, शिरांची दाटी झाली. पण ते पान होतं, आणि ते मी काढलं होतं. संध्याकाळी यादी लावली तिच्यात माझं नाव होतं, तीन महिने पाहून मग कायम करू अशा शेऱ्यासह. माझ्यात त्यांना काय दिसलं यावर मी पुढे बरीच वर्षं खूश होतो. मग एकदा त्याच सहायक मास्तरांनी सांगून टाकलं की त्या वर्षी जागा जास्त होत्या आणि मुलं कमी आली होती. असो.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी घरात तोंड उघडलं नाही. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात आई, आत्या आणि मी वाल सोलत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या उमेदवारीच्या आनंदाप्रीत्यर्थ बिरडं, कोलंबी आणि तांदळाच्या भाकऱ्या असा बेत होता. मोड आलेले वाल पाण्यात टाकून एकेक चिमटीत धरायचा, दाबला की पांढरा दाणा सालातून सुळकन बाहेर. ज्यानं कोणी बिरडं खाल्लं आहे त्याला त्यामागचे हात आठवत नाहीत. आमच्याकडे ते काम सगळ्यांचं. अण्णा मधल्या खणात झोपाळ्यावर होते, कडीची कुरकुर चालली होती. सगळ्यांच्या माना खाली होत्या म्हणूनच मला धीर आला असावा.

"मी सोमवारी कचेरीत बसणार नाही," मी म्हटलं. "मुंबईच्या कलाशाळेत माझं नाव लागलंय."

झोपाळा थांबला.

"काय लागलंय?" आत्या म्हणाली. "नाव लागलंय? अरे, नाव घालवलंस म्हण! कलाशाळा म्हणे! भिंती काळ्या केल्यास त्या काय थोड्या झाल्या? माधव, ऐकतोस का? हा तुझा चिरंजीव चितारी होणार. उद्या लोकांच्या दारावर गणपती नि शिपाई रंगवत हिंडेल. बापानं शब्द दिलाय रावसाहेबांना, त्याचं काय रे? तो काय पुसायचा तुझ्या कोळशासारखा?"

"आत्या, तिथं खोदकाम शिकवतात, छापखान्यात..."

"खोदकाम! वडारी हो मग!"

आई मान खाली घालून वाल सोलत होती. न थांबता ती म्हणाली, "वन्सं, त्याला बोलू तरी द्या." एवढंच. पण आईनं आत्याला "तरी द्या" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आत्याचीसुद्धा चिमूट थांबली. आम्ही सगळे अण्णांकडे पाहू लागलो. ते झोपाळ्यावरून उठले, खुंटीवरचं उपरणं घेतलं आणि बाहेर निघून गेले. परत आले ते जेवायच्या वेळेला. रविवारी बिरडं झालं, कोलंबी झाली, भाकऱ्या झाल्या. अण्णा नेहमीसारखे जेवले, भात मागून घेतला. माझ्याशी एक अक्षर नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. माझ्याकडे उत्तरं तयार होती, तीन आठवडे घोकलेली, आणि विचारणारा मुळी बोलतच नव्हता.

सोमवारी सकाळी बोरू तासून झाल्यावर अण्णा म्हणाले, "पागोटं घाल. चल."

मी पागोटं घातलं. का घातलं, हे आजही सांगता येत नाही. आत्यानं विजयी मुद्रेनं नारळ हातात दिला, आईनं कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. रस्ताभर अण्णा पुढे, मी मागे. तलावाच्या वळणावर पळून जावं असं वाटलं, स्टेशन काही लांब नव्हतं. पळालो नाही. कचेरीच्या पायऱ्यांपाशी अण्णा थांबले आणि वळून म्हणाले, "शब्द मी दिला होता. तो मोडणार आहेस तू. तेव्हा तूच सांग. तोंड लपवून जायचं नाही."

आत रावसाहेब लोडाला टेकून बसले होते, पुढे कोरा कागद आणि दौत मांडलेली. पाच-सहा कारकून माना वर करून हसतमुखानं पाहत होते. मी नारळ ठेवला, नमस्कार केला. रावसाहेबांनी बोरू माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. म्हणालो, "रावसाहेब, मला माफी असावी. मी इथं बसणार नाही. मी मुंबईला चित्रकलेच्या शाळेत जाणार आहे." आवाज माझाच होता, पण फाटलेला.

कोणीतरी हसलं. रावसाहेब हसले नाहीत. बोरू तसाच धरून त्यांनी माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं. "माधवराव, हे काय ऐकतोय मी? तुम्ही येऊन विनंती केलीत, मी दुसऱ्या दोघांना नाही म्हणून सांगितलं. पोरं काय, वाटेल ते बोलतात. तुमची मर्जी काय आहे ते सांगा."

अण्णा पुढे आले. माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांचा कानाजवळचा घाम मला दिसत होता.

"रावसाहेब, माझी मर्जी होती तीच आहे," ते म्हणाले. "यानं इथं बसावं. शब्द खाली पडला त्याची माफी मी मागतो. पण जबरदस्तीनं बसवा असं मी म्हणणार नाही." मग जरा थांबून, अगदी नेहमीच्या आवाजात, "मला बसवलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं."

रावसाहेबांनी बोरू खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं, जाऊ दे त्याला." अण्णा वळले, खिडकीजवळच्या आपल्या बैठकीवर जाऊन बसले, वही उघडली आणि सकाळची टपाली पत्रं ओढून घेतली. मी दारातून एकदा मागे वळून पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. बाहेर पडल्यावर मला आनंदानं धावावंसं वाटेल असं मी समजत होतो. पण पागोटं काढून हातात घेऊन मी तलावाच्या काठी ढसाढसा रडलो. भांडायला आता कोणी उरलं नव्हतं. बुधवारी मुंबईला गेलो.

अण्णा त्यानंतर सोळा वर्षं जगले. मी खोदकाम शिकलो, छापखान्यात रमलो, संसार केला, दर रविवारी ठाण्याला जात राहिलो. पेन्शन घेतल्यावर ते ओटीवर बसलेले असायचे, मी शेजारी बसायचो. पाऊसपाणी, भाताचा भाव, नातवंडांची दुखणी, सगळं बोलायचो. माझ्या ठशांचे छापील कागद ते डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि "बरं आहे" म्हणायचे. मला नेहमी परतीची गाडी गाठायची घाई असायची. आणि कचेरीत बसवलं त्या वेळी तुम्हाला कोणी विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं, हे मीसुद्धा त्यांना कधी विचारलं नाही.